तीनशे किलोंचं आभाळ

मी मापारी. शेतकऱ्याचा माल बाजार समितीच्या यार्डात आला की पोतं काट्यावर चढवायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि पुढच्या पोत्याला हात घालायचा, एवढंच मी चौतीस वर्षं केलं. या अंकासाठी कामाबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा माझी बायको सुमन म्हणाली, "काय लिहान तुमी? तूर, सोयाबीन, तूर, सोयाबीन?" तिचं काही चूक नाही. पण माझ्या काट्यावर एकदा विमान चढलं होतं आणि त्या विमानात एक बाई बसलेली होती. त्या बाईबद्दल लिहायला म्हणून मी पेन हातात घेतलं आहे. यार्डाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एक चूक येणार आहे आणि ती यार्डाची नव्हती, माझी होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वजन करण्यात काय आहे, काटा सांगतो आणि आपण वाचतो. तसं नसतं. मापारी शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधोमध उभा असतो आणि दोघांनाही तो समोरच्याला फितूर वाटतो. त्यामुळे आमच्या कामात सगळ्या गोष्टी मोठ्याने आणि ठरलेल्या रीतीने करायच्या असतात. पहिल्या पोत्याला आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन. काट्यावर जो आकडा दिसेल तो काट्याच्या बाजूच्या पत्र्यावर खडूने लिहायचा, म्हणजे भांडण झालं तर दाखवायला पुरावा राहतो. तोंडाने मात्र रिकाम्या पोत्याचं वजन वगळून आकडा म्हणायचा. गोणपाटाच्या पोत्याचा एक किलो. त्याला आम्ही कडता म्हणतो. कडत्याच्या नावाखाली जास्त ओरबाडणारे लोकही मी पाहिले, पण मी एक किलोच्या वर कधी गेलो नाही, आणि हे सांगताना माझी छाती थोडी फुगते. एकसष्ट दिसलं की माझ्या तोंडातून साठ बाहेर पडायचं. मध्ये डोकं लागायचंच नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एका पुढाऱ्याची वाढदिवसाला लाडवांनी तुला करायची होती, तर काटा मला न्यायला लावला. पुढारी काट्यावर चढले आणि आकडा पाहून माझ्या कानात म्हणाले, "वासुदेवभौ, जरा कमी म्हणा ना, पेपरवाले आले हायेत." मी खरा आकडाच म्हटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तेवढे लाडू जास्त वाटले गेले. बाभुळगावकडच्या एक बाई तर घरून बादलीने तूर मोजून आणायच्या. दर पोत्याला मला विचारायच्या, "माह्या बादलीनं सात होते, तुमचा काटा काय म्हणते?" त्यांच्या बादलीत आणि माझ्या काट्यात कधी पावशेराचाही फरक आला नाही. असल्या माणसांमुळे काम गोड वाटायचं.

रेणुका आडे यार्डात आली तेव्हा तुरीचा हंगाम सुरू होता आणि थंडी मजबूत होती. मी डोक्याला मफलर बांधून पोत्यांच्या रांगेत उभा. पस्तिशीची, उन्हाने रापलेली, पायात जाड बूट घातलेली बाई सरळ माझ्याकडे आली.

"काकाजी, तुमच्याकडे सारखे तीन काटे हायेत का? ह्या वर्षीचा शिक्का मारलेले पाह्यजेत."

"हायेत. काय मोजाचं हाय?"

"विमान."

हमाल हसायला लागले. मीही हसलो. ती हसली नाही, पिशवीतून फाईल काढून तिने माझ्यासमोर पोत्यावर उघडली.

ती आमच्याच तालुक्यातल्या तांड्यातली बंजारा पोरगी. कॉलेजात असताना कॅडेट म्हणून एकदा लहान विमानात बसायला मिळालं आणि तिथून तिचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. आता दुसऱ्या राज्यातल्या एका उड्डाण शाळेत ती लोकांना शिकवत होती. तिचं विमान आपण समजतो तसलं नाही. तीन चाकं, एक खुर्ची, पाठीमागे इंजिन आणि वर कापडाचा मोठा पंख. दार नाही, काच नाही. ऊन, वारा, थंडी सगळं तोंडावर. असल्या विमानातून आपल्या देशातल्या बाईने न उतरता केलेलं सगळ्यात लांबचं उड्डाण तिच्या नावावर होतं. राज्याच्या पूर्व टोकापासून समुद्रापर्यंत ती एकटी गेली होती. त्याआधीच्या एका प्रयत्नात वाटेत इंजिन बंद पडून ती हरभऱ्याच्या वावरात उतरली, तर वावराच्या मालकाने आधी हरभरा किती मोडला ते पाहिलं, मग तिला भाकरी दिली आणि विचारलं, "मोजणी खात्यातून आल्या काय बाई तुमी?" ही गोष्ट तिने मला नंतर सांगितली. सांगताना ती स्वतःच्या विक्रमाबद्दल एक वाक्य बोलली आणि भाकरीबद्दल दहा.

आता तिला उंचीचा विक्रम करायचा होता. कुस्तीत जसे वजनी गट असतात तसे विमानांच्या विक्रमांतही असतात, हे मला त्या दिवशी कळलं. तिचा गट तीनशे किलोंचा. विमान, इंधन, प्राणवायूची बाटली, अंगावरचे कपडे आणि खुद्द बाई, सगळं मिळून तीनशेच्या आत भरलं पाहिजे. एवढ्या हलक्या विमानातून जितकं उंच कोणी बाई गेली नव्हती तितकं तिला जायचं होतं, आणि तेही तांड्यामागच्या बरडावरून, म्हणजे गोट्यांच्या पडीक माळावरून. इतक्या उंचीवर जायची परवानगी आठ सकाळींपुरतीच मिळाली होती. ती मिळवण्यात तिची दोन वर्षं गेली होती. शहरातून येणारे काटे वाटेत आदळून बिघडले, आणि नियम असा की काट्यावर चालू शिक्का हवा आणि मोजणारा परवानेवाला हवा.

"बाई, मी तुरीचा मापारी हो," मी म्हटलं.

"मी पन तुरीवाल्याचीच पोरगी हाव काकाजी," ती म्हणाली. झालं, मी तयार झालो.

दुसऱ्या दिवशी, आठांतल्या पहिल्याच सकाळी, पहाटे मी तिन्ही काटे टेम्पोत टाकून तांड्यावर गेलो. बरडावर अक्खा तांडा जमला होता. पंधरा दिवस खपून त्यांनी गोटे वेचून विमानाला धावण्यापुरती वाट साफ केली होती. रेणुकाची आई कमळाबाई सगळ्यांना चहा देत फिरत होत्या. त्यांनी लेकीसाठी कापसाचा जाड बंडा, म्हणजे जाकीट, शिवला होता. वर थंडी फार म्हणून त्यात भरपूर कापूस, आणि बंजाऱ्यांच्या रीतीने वरून आरसे, कवड्या, घुंगरं. "आमच्या लोकाईनं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं," त्या मला म्हणाल्या, "हे पोट्टी हवेवर काय वाहून राह्यली, तिचं तिलेच ठाऊक." तोंडाने कुरकुर आणि डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं.

विक्रमाची नोंद पाहायला पुण्याहून एक निरीक्षक आले होते. विमानांच्या नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. तीन चाकांखाली तीन काटे लावले. रेणुका सगळा सरंजाम अंगावर चढवून खुर्चीत बसली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पंख डुलायला लागला. पंखाचं एक टोक तांड्यातल्या माणसाने धरलं, दुसरं निरीक्षकसाहेबांनी. काट्याचे आकडे त्यांना तिथून दिसत नव्हते. ते म्हणाले, "मापारी, तुम्ही आकडे मोठ्याने सांगा, मी लक्षात ठेवतो."

मी पुढच्या चाकाजवळ वाकलो, पत्र्यावर खडूने आकडा लिहिला आणि ओरडलो, "लाभ!"

"लाभ म्हणजे किती?" साहेब गोंधळले. तांडा खदाखदा हसला.

मी तीन आकडे म्हटले. सत्तावन्न सहाशे, एकशे वीस दोनशे, एकशे वीस सहाशे. साहेबांनी पंख सोडल्यावर कागदावर बेरीज केली. दोनशे अठ्ठ्याण्णव किलो चारशे ग्रॅम. त्यांनी सही केली, खाली मी सही केली आणि उंची मोजणाऱ्या डबीला त्यांनी मोहर लावली. मग रेणुका उडाली.

ते मला नीट लिहिता येणार नाही. बरडावर ते विमान खडखडत धावलं, उचललं गेलं आणि मग फक्त चढतच राहिलं. आधी घारीएवढं, मग चिमणीएवढं, मग नुसता आवाज, मग तोही नाही. दोन तास आम्ही मान वर करून उभे. कमळाबाई एका दगडावर बसून होत्या. ती उतरली तेव्हा तिच्या भुवयांवर दव गोठलेलं होतं. साहेबांनी डबीची मोहर तोडली, आकडे वाचले आणि त्या शिस्तीच्या माणसाने टोपी हवेत उडवली. आधीची उंची तिने चांगलीच मागे टाकली होती. तांड्यात ढोलकी वाजायला लागली. मलाही लोकांनी नाचायला ओढलं आणि मी नाचलो.

उड्डाणानंतर तिसऱ्या दिवशी यार्डात तूर मोजत होतो. काट्यावर एकसष्ट चारशे दिसलं. मी पत्र्यावर एकसष्ट चारशे लिहिलं आणि ओरडलो, "साठ चारशे!" माझाच आवाज माझ्या कानांवर पडला.

विमानाला पोतं नव्हतं.

मी हातातलं काम टाकून गोदामात गेलो. यार्डातला रोजचा काटा वेगळा होता, तांड्यावरून आणलेले तिन्ही काटे तिथे तसेच पडून होते आणि त्यांच्या पत्र्यांवरचा खडू पुसला गेला नव्हता. अठ्ठावन्न सहाशे. एकशे एकवीस दोनशे. एकशे एकवीस सहाशे. मी बेरीज चार वेळा केली. तीनशे एक किलो चारशे ग्रॅम. तीन चाकांमागे एकेक किलो कडता मी तोंडाने कापून टाकला होता. इतकी वर्षं ज्या सवयीचा मी अभिमान मिरवला, तिनेच त्या पोरीचा घात केला होता. तिचं विमान हद्दीच्या बाहेर होतं आणि तिला ते माहीत नव्हतं. ते जगात फक्त मला माहीत होतं.

आता इथे मला जे लिहायचं आहे त्याची लाज वाटते. मी त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. मी नाही गेलो. दोन दिवस गप्प बसलो. कागदावर सही झालेली, साहेब खूश, तांडा खूश, खडू तर ओल्या फडक्याने पुसता येतो. मी फडकं हातात घेतलंही होतं. पण पुसवेना आणि सांगवेना. सुमनने शेवटी ताट पुढून उचललं आणि विचारलं, "काय झालं ते एकदा बोलून टाका ना. दोन दिवसापासून अन्न चिवडून राह्यले तुमी." मी सांगितलं.

"मंग जा ना," ती म्हणाली. "तिले आज सांगितलं तं तिच्या हातात अजून सकाळी हायेत. उद्या सांगान तं एक कमी होईन."

मी हे गणित केलंच नव्हतं. परवानगी आठ सकाळींची होती आणि सहावी गेलेली होती. गप्प राहून मी तिच्या हातातल्या सकाळी खात होतो. मी तशीच सायकल काढली.

तांड्यावर त्याच दुपारी तिचा सत्कार होता. मंडप पडलेला, खुर्च्या मांडलेल्या, आणि मला पाहताच चारजणांनी धरून स्टेजवर नेलं, कारण मापारी म्हणून माझ्यासाठीही नारळ-शाल ठेवलेली होती. रेणुका कोपऱ्यात निरीक्षकसाहेबांशी बोलत उभी होती. मी तिला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. कडता, खडू, दोन दिवस.

तिने एवढंच विचारलं, "किती वर हाय?"

"एक किलो चारशे."

मला वाटलं आता मारते. मारलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. मग ती वळली, माइकपाशी गेली आणि हार घेऊन पुढे आलेल्या सरपंचांना हाताने थांबवलं.

"थांबा भाऊ. हार ठेवा तिकडं," ती म्हणाली. "विक्रम झाला नाई. वजन हद्दीच्या वर भरलं होतं. आज समजलं. तीनशेच्या गटात मी बसत नोहती."

निरीक्षकसाहेब खुर्चीवरून अर्धे उठले. तिने माझं नाव घेतलं नव्हतं आणि ती घेणारही नव्हती, हे मला दिसत होतं. लोकांना वाटलं असतं की पोरीने वजन लपवलं. ते मला सहन होईना. मी पुढे झालो, तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हटलं, "चूक या बाईची नाई. आकडा मी चुकीचा म्हटला. वासुदेव मापाऱ्यानं."

कमळाबाई पुढच्या रांगेतून तरातरा स्टेजपर्यंत आल्या. "पोट्टी दोन वर्षं कागदं घेऊन हिंडली," त्या म्हणाल्या, "अन् तुमी तोंडातल्या तोंडात तिचं आभाळ कापून घेतलं? कायले आनलं तुमाले आमी?" रेणुकाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "याडी, ते न सांगते तं कोनालेच समजलं नसतं. काकाजी सांगाले आले. तू हे पन पाह्य ना." मग साहेबांकडे वळून तिने विचारलं, "साहेब, दोन सकाळी बाकी आहेत. पुन्हा उडाले तर मोजाल?"

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "तुम्ही उडणार असाल तर मी मोजणार."

सत्काराच्या मंडपातच मग कामाची बैठक बसली. दीड किलो कुठून कमी करायचा? इंधन आधीच मोजकं होतं. हत्यारांची पिशवी, गादी, चाकांवरचे पत्रे, जे जे काढता येतं ते पहिल्याच वेळी काढलेलं. रेणुकाने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "हे काढते. कॅनव्हासचे घालते." साहेब म्हणाले, "वर पाय बधिर होतील." ती म्हणाली, "होऊ द्या, पायानं कुठं उडवायचं आहे." तरी पुरेसं होत नव्हतं. मग सगळ्यांचे डोळे हळूहळू तिने सत्कारात दाखवायला आणलेल्या बंड्याकडे गेले. तो बंडा नसेल तर ती गारठून खाली यायची आणि कवड्या काढल्या तर नजर लागते म्हणून आई काढू देणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कमळाबाईंनी बंडा लेकीच्या हातातून घेतला, मंडपाच्या खांबाला टेकून बसल्या आणि दाताने पहिला दोरा तोडला. एक कवडी खाली पडली. मग दुसरी. तीन महिने जे टाचलं होतं ते त्यांनी तासाभरात उसवलं. आरसे, घुंगरं, कवड्या, सगळं माझ्यापुढे ओतून त्या म्हणाल्या, "मोजा आता. अन् या वख्ताले खरं सांगजा."

तांड्यातल्या दुकानाचा काटा मागवून मी खिशातून खडू काढला, आकडा लिहिला आणि जसा दिसला तसाच म्हटला. नऊशे ग्रॅम.

सातव्या सकाळी मी तिन्ही काटे पुन्हा टेम्पोतून आणले, पण ढग होते आणि वारा उलटसुलट वाहत होता. रेणुका सगळा सरंजाम चढवून तीन तास खुर्चीत बसून राहिली आणि मग उतरली. मी दोन दिवस गप्प बसलो नसतो तर तिच्याकडे आणखी दोन सकाळी असत्या, हा हिशेब माझ्या डोक्यातून जाईना. त्या रात्री तांड्यावरच एका घरी मी अंग टाकलं. झोप कसली लागते.

आठवी सकाळ स्वच्छ उजाडली. बरडावर दव होतं आणि धूर सरळ वर जात होता. शेजारच्या तालुक्याहून दुसरा मापारी बोलवावा असं गावातल्या एका शहाण्याने सुचवलं होतं. मीही तेच म्हटलं. रेणुकाने ऐकलं नाही. "ज्याले चूक समजली, तोच मोजन," ती म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली. या वेळी साहेब पंख सोडून काट्याशेजारी वाकून उभे राहिले. तरीही ती म्हणाली, "आकडा काकाजी म्हनतीन." मी गुडघ्यांवर बसलो. अठ्ठावन्न शंभर. एकशे वीस नऊशे. एकशे वीस आठशे. प्रत्येक आकडा मी आधी मनात दोनदा वाचला आणि मग तोंडाबाहेर काढला. माझ्या आणि साहेबांच्या आकड्यांत काही फरक नव्हता. दोनशे नव्व्याण्णव किलो आठशे ग्रॅम.

ती उडाली. आम्ही पुन्हा मान वर करून उभे राहिलो. या वेळी दोन तासांचे सव्वादोन झाले, अडीच झाले. साहेबांच्या हातातल्या रेडिओवर एकदा तिचा आवाज आला, "पाय जाणवत नाहीत, पण इंजिन ठीक आहे, जाते," आणि मग बराच वेळ नुसती खरखर. कमळाबाई या वेळी दगडावर बसल्या नाहीत. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या बाहीचं टोक घट्ट धरून ठेवलं. त्यांनी मंडपात मला सुनावलं तेव्हा जेवढं वाईट वाटलं होतं, तेवढंच त्या क्षणी बरं वाटलं.

शेवटी आवाज आला. मग ठिपका. ती उतरली ती उभी राहूच शकली नाही. आम्ही उचलून तिला सतरंजीवर ठेवलं. तिचे पाय आईने मांडीवर घेतले, बूट काढले आणि चोळायला सुरुवात केली. बोटं निळी पडली होती. साहेबांनी डबीची मोहर तोडली. आकडे वाचायला त्यांना फार वेळ लागला, निदान मला तसं वाटलं.

"झाला," ते म्हणाले. "जुन्या उंचीपेक्षा थोडाच वर, पण झाला. नियमात, वजनात, सगळ्यात."

बरडावर आरोळी उठली. साहेब मात्र कागद चाळत हळूच म्हणाले, "मागच्या वेळी मात्र बाई याहून दीडशे मीटर वर गेल्या होत्या."

आजवर ती जेवढी उंच गेली त्यातली सगळ्यात मोठी उंची कुठल्याही वहीत लागणार नव्हती आणि ती माझ्या तोंडाने घालवली होती. मी सतरंजीशेजारी बसलो. "बेटा," मी म्हटलं, "तुमची खरी उंची माह्यामुळे गेली. मले माफ करा असं म्हनाचंही तोंड नाई मले."

तिचे दात थंडीने वाजत होते. आईच्या हातांमध्ये पाय ठेवून ती हसली.

"काहून गेली काकाजी? तितक्या वर गेलं ना, तं एकीकडे वर्धा दिसते अन् दुसरीकडे पैनगंगा. आपला अक्खा जिल्हा दोन नद्याईच्या मधात, एका नजरेत. लोकाले ते जन्मात एकदाही पाह्यले भेटत नाई. मले तुमच्यानं दोनदा भेटलं."

मी काटे आवरायचं निमित्त काढून टेम्पोकडे गेलो आणि तिकडे तोंड करून पोटभर रडलो.